घरगुती साबण: कढई नको, वजनकाटा आणा

दरवर्षी गणपती झाले की मला कोणी ना कोणी विचारतंच, ताई दिवाळीला साबण बनवून विकायचाय, कसा करायचा? गणपती झाल्यावर विचारता तेव्हा निम्मी वेळ निघून गेलेली असते हे पहिलं सांगते, कारण साबण करायला दोन तास लागतात आणि वाळायला चार ते सहा आठवडे.

आधी एक स्पष्ट करू. बाजारात तयार सोप बेस मिळतो, तो वितळवून रंग-वास घालून साच्यात ओतायचा, त्याला मेल्ट अँड पोअर म्हणतात. त्यात वाईट काही नाही, शिकायला, लहान मुलांसोबत करायला मस्त आहे, पण तेच प्रत्येक जण विकतो त्यामुळे भावावरून मारामारी आणि पावसाळ्यात त्या वड्यांना घाम सुटतो तो वेगळाच. मी सांगतेय तो कोल्ड प्रोसेस, म्हणजे तेल आणि कास्टिक सोडा यांच्यापासून मुळातून केलेला साबण. कास्टिकशिवाय साबण होतच नाही, "केमिकल-फ्री साबण" असं कोणी लिहिलं असेल तर हसून सोडून द्या. नीट केलेल्या वडीत कास्टिक उरत नाही, तेलाबरोबर मिळून त्याचा साबण होतो आणि सोबत ग्लिसरीन तयार होतं.

आता माप. मी ज्याच्यावर शिकले ते सांगते, एकूण एक किलो तेल: खोबरेल 400 ग्रॅम, ऑलिव्ह पोमेस (ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं तेल) 500, एरंडेल 100. खोबरेलाने वडी कडक होते आणि फेस येतो पण जास्त घातलं तर अंग कोरडं पडतं, पोमेस मऊपणाला, आणि एरंडेल थोडंसंच पण फेस टिकवतं. प्रत्येक तेलाला कास्टिक वेगवेगळं लागतं. खोबरेलाच्या एका ग्रॅमला 0.183, पोमेसला 0.134, एरंडेलाला 0.128. गुणा करा, 73.2 अधिक 67 अधिक 12.8, झाले 153 ग्रॅम. हे पूर्ण घालायचं नाही, 5 टक्के कमी म्हणजे 145 ग्रॅम, म्हणजे थोडं तेल साबणात मोकळं राहतं आणि साबण अंगाला झोंबत नाही. पाणी कास्टिकच्या दुप्पट, 290 ग्रॅम, तेही डिस्टिल्ड किंवा आरओचं. सगळं वजनाने, मिलीने नाही, वाटीने तर अजिबातच नाही, एक ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि तेल बदललं की हिशोब पुन्हा करा, ऑनलाइन सोप कॅल्क्युलेटर फुकट असतात.

कास्टिकशी मस्करी नाही. गॉगल, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, मुलं आणि मांजर खोलीच्या बाहेर. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं, जर्मनचं पातेलं चुकूनही नाही, कास्टिक अॅल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सुटतो. पाण्यात कास्टिक घालायचं, कास्टिकवर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. पाणी आपोआप उकळत्यासारखं तापतं आणि वाफ घशाला लागते म्हणून हे काम खिडकीशी किंवा गॅलरीत. हातावर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा, व्हिनेगर वगैरे लावत बसू नका. डोळ्यात गेलं तर धुत धुतच डॉक्टर गाठा. आणि नळाचा चोकअप काढायची पावडर साबणाला वापरायची नाही, तिच्यात काय काय असतं देव जाणे, केमिकलच्या दुकानात कास्टिक फ्लेक्स मागा आणि डबा घट्ट बंद ठेवा, ते हवेतली ओल ओढतं.

दोन्ही, म्हणजे तेल आणि कास्टिकचं पाणी, हाताला कोमट लागेल अशा 40 डिग्रीच्या आसपास आले (तपासायचं थर्मामीटरने, बोटाने नाही!) की पाणी तेलात ओतून हँड ब्लेंडर फिरवायचा, पण सलग नाही, थोडा फिरवा, थोडं नुसतं ढवळा. आधी कढीसारखं दिसतं, मग भज्यांच्या पिठासारखं होतं आणि वरून धार सोडली की ती क्षणभर वर दिसते. याला ट्रेस म्हणतात. इथे वास आणि उटणं घालून लगेच साच्यात. साचा म्हणून बटर पेपर लावलेला दुधाचा टेट्रापॅक पण चालतो. दीड दिवसाने बाहेर काढून वड्या पाडायच्या, अगदी बर्फीच्या पाडतो तशा, फक्त हातमोजे घालून.

वासाचं एक सांगते. मी एकदा मोगऱ्याचं फ्रॅग्रन्स घातलं आणि चमचा फिरवेपर्यंत अख्खं मिश्रण पातेल्यातच दगड झालं, ब्लेंडर त्यात उभा! फुलांचे वास बऱ्याचदा असं करतात, त्यामुळे नवीन वास पहिल्यांदा 200 ग्रॅम तेलावर करून बघा आणि प्रमाण तेलाच्या 3 टक्क्यांच्या वर नको.

आणि हळद. सगळ्यांना पिवळाधमक हळदीचा साबण हवा असतो. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, कास्टिकमध्येही तेच होतं, ती लालसर होते आणि मग विटकरी-तपकिरी. त्यामुळे माझा उटण्याचा साबण विटकरीच असतो, आणि गिऱ्हाइकाला ही कुंकवाची गोष्ट सांगितली की तोच रंग आवडायला लागतो. उटणं मात्र वस्त्रगाळ हवं, किलोभर तेलाला दोन चमचे बास, नागरमोथ्याचे कण राहिले तर अंग ओरखडतं.

आता वाळवणं, ज्याला क्युअरिंग म्हणतात. चार ते सहा आठवडे, वड्यांमध्ये बोटभर जागा सोडून, अधूनमधून उलटून. माझ्या पहिल्या दिवाळीला घाई झाली, दोन आठवड्यांच्या वड्या सोसायटीच्या स्टॉलवर विकल्या, आणि पाडव्याला वरच्या मजल्यावरच्या काकू साबणदाणी घेऊनच खाली आल्या, त्यात वडी नव्हती, शेवाळासारखा गाळ होता. "अगं, अभ्यंगस्नान दोन दिवसांत संपलं बघ." मी पैसे परत दिले. शिवाय मुंबई-कोकणच्या पावसात वड्या हवेतून पाणी ओढतात आणि थेंब धरतात, तेव्हा खोली बंद ठेवून पंखा लावा, उघड्या गॅलरीत नको. दिवाळीचा माल श्रावणातच ओतून झाला पाहिजे.

वाळताना वजन उतरतं हेही धरा. वरच्या मापाचा घाणा साधारण 1435 ग्रॅम भरतो, त्याच्या 14 नाही, 12 वड्या पाडा, म्हणजे ओली वडी 119-120 ग्रॅमची आणि वाळून 100 च्या वर राहते. पाकिटावर 100 लिहिलं आणि आत 92 निघालं तर ती फसवणूकच.

विक्रीचा भाग, जो कोणाला ऐकायचा नसतो. अंगाचा साबण म्हणजे कायद्याने कॉस्मेटिक, आणि कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे विकायला बनवायचा तर एफडीएचं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं, लायसन्स लागतं, छोटं-मोठं असा भेद नाही. स्वयंपाकघरात ते मिळत नाही, वेगळी जागा आणि शिकलेला माणूस दाखवावा लागतो. पहिल्या वर्षी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आता मी प्रयोग घरी करते आणि विकायचा माल लायसन्स असलेल्या युनिटमध्ये लोन लायसन्सवर, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल करायच्या परवान्यावर, होतो. पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, महिना-वर्ष, बॅच नंबर, लायसन्स नंबर, घटक, तक्रारीसाठी फोन, हे सगळं पाहिजे. "पिंपल्स बरे होतात", "एक्झिमा जातो" असलं लिहू नका, तो औषधाचा दावा होतो.

भाव लावताना बहुतेक जणी मजुरी विसरतात. समजा मालाचे 50 आणि पॅकिंगचे 8, वडी 58 ला पडली, तुम्ही 90 ला लावली आणि दुकानदाराने 35 टक्के कापले, तर हातात 58.50 येतात, म्हणजे महिनाभर राबून आठ आणे. मोती साबणाच्या भावाशी तुलना होणारच, होऊ द्या, ते गिऱ्हाईक आपलं नाही.

प्रत्येक बॅचची एक वडी तारीख लिहून डब्यात ठेवा. माझ्याकडे सूर्यफूल तेलाची एक आहे, स्वस्त पडतं म्हणून भरपूर घातलं होतं, सहा महिन्यांनी तिच्यावर केशरी ठिपके उठले आणि जुन्या फरसाणासारखा खवट वास यायला लागला. ते तेल तेव्हापासून बंद केलं, पण वडी अजून टाकलेली नाही.