विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरचा सडका वास कसा घालवावा

विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत गिझरचा नळ सोडताच सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला, की बहुधा महागडा फिल्टर बसवण्याचा सल्ला मिळतो. तो खर्च करण्यापूर्वी वास नेमका कोठे तयार होतो, हे शोधावे.

सकाळी पाणी वापरण्याआधी एका पेल्यात गार आणि दुसऱ्यात गरम पाणी भरून दोन्ही पेले न्हाणीघराबाहेर न्यावेत, कारण कित्येकदा दोष पाण्याचा नसून मोरीच्या कोरड्या पडलेल्या ट्रॅपचा, म्हणजे गटाराचा वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीचा असतो. या वासाला नाक लवकर सरावते, म्हणून परीक्षेचे काम नुकत्याच बाहेरून आलेल्या माणसाला सांगावे. फक्त गरम पाण्याला वास असेल तर गिझर तपासावा. दोन्हींना असेल, पण पाणी थोडा वेळ वाहू दिल्यावर विरत असेल, तर पाणी साठवण्याच्या टाकीत किंवा नळजोडणीत जिवाणू वाढले आहेत असे समजावे. कितीही वेळ पाणी सोडले तरी वास हटत नसेल, तर हा वास देणारा वायू भूजलातच आहे.

गिझरमधील वासाचे कारण थोडे विचित्र आहे. गिझरची आतली टाकी गंजू नये म्हणून तिच्यात मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड बसवलेला असतो, आणि टाकीऐवजी तो स्वतः झिजतो. या झिजेत निर्माण होणारा हायड्रोजन काही जिवाणूंच्या उपयोगी पडतो, आणि ते पाण्यातील सल्फेट या क्षारापासून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू बनवतात. गिझर बरेच दिवस बंद राहिला किंवा पाणी कोमटच ठेवले, तर त्यांचे चांगलेच फावते. (जुन्या तांब्याच्या बंबात हा रॉड नव्हता आणि पाणी रोज बदलले जात असे.)

पहिला उपाय फुकटाचा आहे. गिझरवर सोय असल्यास तापमान 70 अंश सेल्सिअसपर्यंत वाढवून काही तास तसेच ठेवावे, मग वीज बंद करून सर्व गरम नळांतून ते पाणी सोडून द्यावे. या पाण्याने क्षणात भाजते, म्हणून लहान मुलांना दूर ठेवावे आणि काम झाल्यावर तापमान पूर्ववत करावे. वास पुन्हा आला, तर प्लंबरकडून मॅग्नेशियमचा रॉड काढून त्या मॉडेलला चालणारा अॅल्युमिनियम-जस्ताचा रॉड बसवून घ्यावा. रॉड काढून जागा नुसतीच बुजवण्याचा सोपा मार्ग काही कारागीर सुचवतात. तो मान्य करू नये, कारण त्याने वास जातो, पण टाकी लवकर गंजते.

गार पाण्यालाही वास असेल, तर पाणी साठवण्याची टाकी घासून धुवावी आणि तिचे व नळांचे क्लोरिनीकरण करावे. गावात जिला टीसीएल म्हणतात ती 33 टक्के क्लोरीनची ताजी पावडर 1000 लिटर पाण्याला 150 ग्रॅम या प्रमाणात घेतली, तर लिटरमागे सुमारे 50 मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे नितळ पाणीच टाकीत ओतावे. त्यानंतर गिझरची वीज बंद ठेवून प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडावा, रात्रभर पाणी तसेच राहू द्यावे आणि सकाळी सर्व पाणी काढून टाकावे. तोवर ते कोणीही पिऊ नये. पावडरीत अॅसिड किंवा न्हाणीघर धुण्याचे द्रावण कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

विहिरीलाही हेच प्रमाण लावता येते. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 0.785, असे मीटरमध्ये काढले की घनमीटर मिळतात. 3 मीटर व्यास आणि 2 मीटर पाणी म्हणजे सुमारे 14,000 लिटर, आणि पावडर साधारण 2.1 किलो. त्यासाठी विहिरीत उतरू नये, कारण तळाशी विषारी वायू साठलेला असू शकतो.

वायू मुळातच भूजलात असेल, तर पाणी टाकीत बारीक धारांनी उंचावरून पाडावे आणि टाकीला जाळी लावलेली हवेची वाट ठेवावी, म्हणजे बराचसा वायू उडून जातो. तरीही वास राहिला, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार सल्फाइड लिटरमागे 0.05 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. नमुन्यासोबत जिवाणू तपासणीही मागावी, विशेषतः विहिरीजवळ शोषखड्डा असेल तर.