स्टीव्हिया वापरताना या चुका टाळा

घरात कुणाची साखर बंद झाली की नाशिकमधले ओळखीचे लोक मला विचारतात, एक वाटी साखरेऐवजी स्टीव्हिया किती घालायचे? डब्यावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही, आणि न वाचणे हीच पहिली चूक आहे. स्टीव्हिया या झाडाच्या गोड पानांचा शुद्ध अर्क साखरेच्या सुमारे 200 ते 300 पट गोड असतो. उलट चमच्यास चमचा म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीत बहुतांश एरिथ्रिटॉल, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असे भरीचे पदार्थ असतात, आणि यांपैकी शेवटचे दोन रक्तातली साखर वाढवतात. मी शुद्ध भुकटी घेते, 1 ग्रॅम काट्यावर मोजून 100 मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवते आणि फ्रिजमध्ये ठेवते. या पाण्याचा एक लहान चमचा साधारण दोन चमचे साखरेची गोडी देतो. चिमटीने घालणाऱ्यांची खीर कडू होते. मग गोडी कमी पडली असे समजून ते आणखी घालतात आणि कडवटपणा वाढतच जातो.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. सासूबाईंना मधुमेह निघाला, त्या वर्षी फेब्रुवारीत पिंपळगावहून घरी बरीच द्राक्षे आली होती. त्यांना मुरंबा फार आवडतो, म्हणून मी साखर पूर्ण वगळून स्टीव्हियात मुरंबा शिजवला. चव बरी होती, पण रस काही केल्या दाट होईना. तरीही नेहमीच्या सवयीने बरणी फडताळात ठेवली आणि नवव्या दिवशी झाकण उघडले तेव्हा वर पांढरी बुरशी आली होती. मुरंब्यात साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे बुरशीला ते मिळत नाही. चिमूटभर स्टीव्हिया हे काम करू शकत नाही. शिवाय द्राक्षांत मुळातच 100 ग्रॅममागे सुमारे 16 ग्रॅम साखर असते आणि आटवल्यावर तिचे प्रमाण आणखी वाढते, हे मी ध्यानातच घेतले नव्हते. आता मी असा मुरंबा एका वेळी वाटीभरच करते, फ्रिजमध्ये ठेवते, चार दिवसांत संपवते आणि सासूबाईंना अर्धा चमचाच वाढते.

याच कारणाने स्टीव्हियाचा एकतारी पाक होत नाही, म्हणून रव्याच्या पाकातल्या लाडवांचा हट्ट सोडावा. केकला तांबूस रंग येत नाही आणि तो दडस होतो. मी निम्मी साखर ठेवते. पावाच्या यीस्टला स्टीव्हियातून काहीच खाद्य मिळत नाही. कुंडीतली पाने वाटून दुधात घालणाऱ्यांना हिरवट रंग आणि गवताचा वास मिळतो. पाने वाळवून, गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून, गाळूनच घ्यावीत. श्रीखंडात साखरेमुळे चक्का सैल होतो, तो स्टीव्हियाने होत नाही; तेथे दोन चमचे दूध घालावे आणि गोडी चाखल्याबरोबर न ठरवता थोडे थांबून ठरवावी, कारण स्टीव्हियाची गोडी जिभेवर उशिरा येते आणि रेंगाळते. घाई करणारे नेमके येथेच चमचाभर जास्त घालतात.