स्कोअरमध्ये दडलेले गुणसूत्र १९

स्मृतिभ्रंशाचा आनुवंशिक धोका आणि निरोगी ज्येष्ठांच्या मेंदूची रचना या विषयावर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. एमआरआयवरून हिप्पोकॅम्पसचे (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाचे) आकारमान कसे काढतात आणि रिग्रेशन कसे चालवतात, हे तुम्हांला येते असे धरून चालते. ज्या एका चुकीपायी माझे पीएच.डी.चे आठ महिने वाया गेले ती मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण ती मला आजही टोचते.

साठी ओलांडलेल्या, स्मृती शाबूत असलेल्या माणसांत अल्झायमरचा आनुवंशिक धोका अधिक असेल, तर त्यांचा हिप्पोकॅम्पस आधीपासूनच लहान दिसतो का, हा माझा प्रश्न होता. डेटा यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-संशोधन संग्रहाचा होता: २००६ ते २०१० या काळात नोंदवलेले सुमारे पाच लाख स्वयंसेवक, आणि त्यांच्यापैकी काहींचे २०१४ पासून काढलेले एमआरआय. प्रत्येकाचा पॉलिजेनिक स्कोअर, म्हणजे डीएनएमधल्या अनेक बदलांना त्यांच्या परिणामानुसार वजन देऊन केलेली धोक्याची बेरीज, काढण्यासाठी मी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ७४,०४६ जणांवरील अभ्यासातील वजने घेतली. स्कोअर वाढला की आकारमान घटते, असे अगदी स्वच्छ उत्तर आले. मार्गदर्शकांनी पाच मिनिटांत आलेख पसंत केला आणि त्या रात्री बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आईने शिरा केला.

पुढच्याच महिन्यात विभागाच्या बैठकीत बाहेरून आलेल्या एका प्राध्यापिकेने विचारले, "या स्कोअरमध्ये धरलेले डीएनएचे किती बदल गुणसूत्र १९ वरचे आहेत?" मला सांगता आले नाही. घरी येऊन वजनांची फाइल मोठ्या परिणामापासून लहानाकडे लावली, तेव्हा माथ्यावरच्या ओळींत गुणसूत्राच्या रकान्यात खालपर्यंत बहुतेक १९ हाच आकडा होता.

हे का घडते ते नीट समजून घ्या. एपीओई हे जनुक गुणसूत्र १९ वर आहे आणि त्याच्या ई४ प्रकाराचा अल्झायमरशी असलेला संबंध १९९३ पासून माहीत आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत ई४ ची एक प्रत असल्यास धोका साधारण तिप्पट होतो, दोन असल्यास आठ ते बारा पट. दुसरा कोणताही सर्रास आढळणारा बदल याच्या जवळपासही पोहोचत नाही. स्कोअर बनवताना आपण क्लम्पिंग करतो, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या बदलांतला एक ठेवून बाकीचे काढून टाकतो. एरवी हे पुरते. परंतु ई४ चा प्रभाव इतका प्रचंड आहे की त्याच्याशी अगदी क्षीण संबंध असलेला शेजारचा बदलही, क्लम्पिंगची मर्यादा न ओलांडल्यामुळे यादीत टिकतो आणि तरीही स्वतःच्या बळावर महत्त्वाचा भासतो. असे अनेक शेजारी बेरजेत शिरतात आणि प्रत्येक जण ई४ चीच सावली घेऊन येतो. मी ज्याला अनेक जनुकांचा एकत्रित परिणाम म्हणत होते, ते ई४ असलेल्या आणि नसलेल्या माणसांमधले अंतरच होते, तेही पुसट केलेले.

म्हणून गुणसूत्र १९ वरचा एपीओईभोवतीचा सगळा पट्टा, साधारण ४४० ते ४६५ लाख बेस (डीएनएची अक्षरे), स्कोअरमधून काढा. ई४ च्या प्रतींची संख्या आरएस४२९३५८ आणि आरएस७४१२ या दोन स्थानांवरून काढून ती वेगळी घाला; वय, लिंग, कवटीचे अंतर्गत आकारमान आणि स्कॅनरचे केंद्र यांशिवाय तर मॉडेल चालवूच नका. पट्टा अरुंद ठेवणार असाल तर जीनोमच्या संदर्भ-नकाशाची आवृत्ती तपासा. आरएस४२९३५८ हे स्थान ३७ व्या आवृत्तीत ४,५४,११,९४१ वर आहे आणि ३८ व्या आवृत्तीत ४,४९,०८,६८४ वर, त्यामुळे ४५० लाखांपासून पट्टा सुरू केला तर नव्या आवृत्तीत नेमके तेच जनुक पट्ट्याबाहेर, म्हणजे स्कोअरमध्येच, राहते.

माझी स्क्रिप्ट एका वरिष्ठाने दिली होती आणि ती उंचीच्या स्कोअरसाठी लिहिलेली होती. उंचीत एकट्या पट्ट्याची अशी मक्तेदारी नसते, म्हणून पट्टा वगळण्याची ओळ तिच्यात नव्हतीच. आयती स्क्रिप्ट घेऊ नका असे मी म्हणत नाही, पण ती कोणत्या गुणासाठी लिहिली होती हे विचारल्याशिवाय एकही ओळ चालवू नका. आणि ज्यांना तुमची फाइल उघडायला सवड नाही अशा नामवंत मार्गदर्शकांपेक्षा, आकडा कुठून आला हे खोदून विचारणारे माणूस शोधा, मग ते दुसऱ्या विभागातले असले तरी चालेल.

दुरुस्तीनंतर ई४ चा लहानसा परिणाम उरला आणि बाकीच्या स्कोअरचा शून्यापासून वेगळा करता येईना. मी दोन दिवस रडले. तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका. निरोगी माणसांत हा परिणाम मुळातच लहान असतो, शिवाय स्कॅनला येणारे स्वयंसेवक सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक धडधाकट असतात आणि ज्यांना आजार जडला ते येतच नाहीत. माझे प्रकरण दोन रकान्यांच्या तक्त्यासह प्रबंधात राहिले आणि परीक्षकांनी त्याचीच सर्वांत जास्त चर्चा केली.

शेजारच्या काकांनी हे ऐकून विचारले, "मग माझाही स्कोअर काढून देशील का?" त्यांच्या आईला अल्झायमर होता. मी म्हटले, "काका, ही वजने युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेली आहेत, ती तुम्हांला लावता येणार नाहीत. ई४ असूनही कित्येकांना हा आजार होत नाही आणि नसतानाही होतो. तुम्ही रक्तदाब, साखर आणि कान तपासून घ्या, कारण ते आपल्या हातात आहे." ऐकू कमी येणे हीदेखील धोक्याचीच बाब आहे, हे त्यांना नवीन होते. पुढच्या आठवड्यात ते रावपुऱ्यात जाऊन कान तपासून आले.