नील बेटावरची ओहोटी चुकवू नका

अंदमानच्या शहीद द्वीपवर (जुनं नाव नील) लक्ष्मणपूर क्रमांक २ चा किनारा पाहायचा तर आधी पंचांग उघडा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं आणि ओहोटीलाही पाणी सर्वांत खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे ओहोटीला पाणी फारसं उतरत नाही. तेव्हा नैसर्गिक दगडी कमान लांबूनच बघावी लागते आणि बरेचसे खडक बुडालेले राहतात. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटीची उंची ०.५ मीटर किंवा कमी असलेला दिवस निवडा. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेही हिशेबात धरा.

ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा. पाणी वळलं की परत निघा, कारण भरती आधी मागच्या खळग्यांत शिरते.

पायात मागून पट्टा असलेल्या, खाचदार तळाच्या सँडल हव्यात. शेवाळावर साधी चप्पल हमखास घसरते. पाय कोरड्या खडकावर किंवा वाळूवरच ठेवा, जिवंत प्रवाळावर कधीच नाही. ओहोटीत खडकांत उरलेल्या डबक्याशी दोन मिनिटं स्तब्ध बसलात की खेकडे आणि छोटे मासे आपणहून बाहेर येतात. समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्री प्राणी) उचलू नका. घाबरली की ती स्वतःची आतडी बाहेर टाकते. प्रवाळाचा मेलेला तुकडाही पिशवीत टाकू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.