वॉर्डात बेडसोर होऊ द्यायचे नसतील तर : सिस्टर लोकांसाठी

बेडसोर म्हणजे एकाच जागी पडून राहून, दाबानं कातडीला होणारी जखम. ते कसे टाळायचे हे कुठल्याही सिस्टरला झोपेतनं उठवून विचारा, धडाधडा सांगते. तरी वॉर्डात सोर होतातच. २००४ साली आयर्लंडमधल्या नर्सेसवर एक अभ्यास झाला होता, त्यात पण हेच निघालं, बेडसोर टाळले पाहिजेत हे सगळ्यांना मनापासून पटतं, पण वेळ नाही आन स्टाफ नाही. तिकडं ही गत तर आपल्या मराठवाड्यात काय बोलायचं, नाईटला एक सिस्टर, वॉर्ड फुल, खाली गाद्यांवर टाकलेले पेशंट वेगळेच. म्हणून "काळजी घ्या, जागरूक रहा" असलं काही लिहीत नाही, आहे त्या माणसांत काय जमतं तेवढं सांगते.

आधी ठरवा कुणाच्या मागं पळायचं. ब्रॅडन स्केल, म्हणजे सोरची रिस्क मोजायचा फॉर्म, भरायला पाच मिनिटं पण लागत नाहीत. जाणीव, ओल, चालणंफिरणं, अंथरुणातली हालचाल, खाणं आन घासणं-घसरणं अशा सहा गोष्टी, गुण ६ ते २३, आन १८ किंवा त्याखाली आला की रिस्क. फॉर्म नसंल वॉर्डात तर लकवा झालेला, खुब्याचं फ्रॅक्चर, मणक्याला मार लागलेला, बेशुद्ध, आन अंथरुणातच लघवी-संडास होणारा, एवढे तरी डोक्यात धरा. आन अ‍ॅडमिशनलाच कपडे सरकवून पाठ, माकडहाड, खुबे, टाचा, डोक्याची मागची बाजू बघून नोट लिहा. घरून सोर घेऊन आलेला पेशंट असतो आन आपण लिहिलेलं नसतं, मग तिसऱ्या दिवशी तो सोर आपल्याच नावावर.

लाल जागा दिसली की बोटानं दाबून सोडायची. पांढरी पडून परत लाल झाली तर अजून हातात आहे, दाबली तरी लालच राहिली तर स्टेज १, म्हणजे सोरची पहिली पायरी, सुरू झाली. आता पुस्तकातलं हे चित्र गोऱ्या कातडीचं आहे, आपल्याकडं उन्हातान्हात राबलेल्या माणसाच्या पाठीवर लाली दिसायची कुठून. तिथं हात लावून बघायचं, बाजूच्या कातडीपेक्षा गरम लागतीय का, थंड लागतीय का, टणक किंवा पिचपिचीत झालीय का, पेशंट म्हणतोय का इथं ठणकतंय. जांभळट काळपट डाग दिसला तर आत खोलवर खराब झालेलं असू शकतं, लगेच डॉक्टरला दाखवा. आन ऑक्सिजनची नळी कानामागं जिथं घासती तिथं रोज बघा, तिथं कुणाचंच लक्ष नसतं.

कूस बदलणं. दर दोन तासाला म्हणतात, पेशंट बघून कमीजास्त होतं, पण वेगळा राउंड म्हणून धरलं की ते कधीच होणार नाही. बीपी-टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेताना, इंजेक्शन देताना, चादर बदलताना, म्हणजे तसंही बेडजवळ गेलातच की तेवढ्यात एक कूस. उशाला कागद चिकटवा, "८ डावी, १० पाठ, १२ उजवी", नातेवाईकाला वाचता येईल असं मोठ्या अक्षरात. पूर्ण कुशीवर आडवं करू नका, सगळा भार खुब्यावर येतो, पाठीमागं उशी देऊन ३० अंश कलतं ठेवा. उशी मिळत नाही हे मला माहीत आहे, घरून आणलेली वाकळ गुंडाळून लावा, चालती. वर सरकवताना ओढायचं नाही, ड्रॉ शीट, म्हणजे पेशंटच्या खाली आडवी घातलेली चादर, दोन्हीकडून धरून उचलायचं, एकटीनं तर करूच नका, स्वतःची कंबर जाती.

डोक्याकडचा बेड ३० अंशाच्या वर ठेवला की पेशंट खाली घसरतो आन माकडहाडावरची कातडी आतून ताणली जाती. राइल्स ट्यूबवाल्याला (नाकातनं पोटात नळी घातलेल्याला) मात्र फीड देताना डोकं वर लागतंच, नाहीतर छातीत जातं, तर आधी गुडघ्याखाली उशी द्या मग डोकं वर घ्या, घसरणं कमी होतं.

नातेवाईक हा खरा अडथळा पण आहे आन खरा हात पण. काकू म्हणतात, "सिस्टर, आत्ताच डोळा लागलाय वो त्यांचा, राहू द्या ना." नाहीतर, "हलवू नका, टाके तुटतील." तिथं वैतागून उपयोग नाही. म्हणायचं, "काकू, इकडं या, हा हात इथं खाली घाला, बघा किती गरम लागतंय." एकदा हाताला लागलं की काकूच दोन तासाला हाक मारतात. खुब्याचं किंवा मणक्याचं ऑपरेशन असंल तर कसं वळवायचं ते डॉक्टरला विचारून केसपेपरवर लिहून घ्या, म्हणजे भीती त्यांची पण जाती आन आपली पण.

काही जुन्या सवयी सोडा. लाल जागेवर स्पिरिट लावून मसाज करायला आपल्याला शिकवलं होतं, आता नाही करायचं, आतलं अजून बिघडतं. बुडाखाली द्यायची गोल रिंग नाही, टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा पण नाही, पोटरीखाली लांब उशी द्या आन टाच अधांतरी ठेवा. एअर बेड (विजेवर हवा भरणारी गादी) लावला म्हणजे कूस बदलणं माफ होत नाही. वरनं जाड वाकळ, रबर शीट आन दोन चादरी टाकल्या तर त्या हवेचा काय फायदा. लाइट गेली की गादी बसती, उन्हाळ्यात तर रोजचंच, म्हणून हात खाली घालून तपासा.

ओल राहू देऊ नका, घाम पण ओलच आहे. पुसताना रगडायचं नाही, टिपून घ्यायचं, वर खोबरेल किंवा व्हॅसलीनचा पातळ हात.

खाणं. चहा-बिस्किट आन साबुदाण्यावर कातडी टिकत नाही. किलोमागं १.२५ ते १.५ ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ६२-७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६, त्यावरनं हिशोब करा. दुधात कुस्करलेली भाकरी, घट्ट वरण, मटकी, दाण्याचं कूट, जे घरून येतं त्यातच वाढवायला सांगा. किडनीवाल्याचं डॉक्टरला विचारूनच.

हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, "पेशंट बरा आहे" एवढं सांगून भागत नाही, शेवटची कूस कुठली आन लाल जागा कुठं ते सांगा, जमलं तर दोघींनी मिळून पाठ बघा. उशा नाहीत, एअर बेड बंद आहे, एका सिस्टरवर किती पेशंट होते, हे इनचार्जला तोंडी सांगू नका, रिपोर्ट बुकात लिहा, तारीख टाकून. तोंडी सांगितलेलं चौकशीच्या वेळी कुणालाच आठवत नाही.