मृगाआधी पांदण: ट्रॅक्टरला काय जोडायचं?

नागपुरात राहून काटोलकडची संत्र्याची बाग सांभाळायची, तर खरी परीक्षा बागेत होत नाही. डांबरी सडक सोडली की पुढचे सातशे फूट पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी कच्ची वाट आहे, ती सगळी काळ्या मातीची, आणि परीक्षा तिथेच होते. मृग लागला की ही माती फुगते, टायरला चिकटते आणि ट्रॉली रुतते. म्हणून पांदणीची तयारी मे महिन्यातच उरकायची. पावसात ट्रॅक्टरमागे माती सारायचं ब्लेड लावून चिखल सारत बसलं की रस्ता आणखी खोल होतो आणि पाणी तिथेच साचतं.

दुकानात जाण्याआधी टेप घ्या आणि आपला ट्रॅक्टर मोजा. मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडा किती रुंदीवर येतात, ते कागदावर लिहून ठेवा. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात, मीही विसरलो होतो. माझ्या ट्रॅक्टरचं हे माप साडेपाच फूट आहे, म्हणून सहा फुटी ब्लेड पुरेल असं धरून चाललो. पण माती कडेला टाकायची तर ब्लेड तिरपं करावं लागतं, आणि तीस अंश तिरपं केलं की सहा फुटाचं ब्लेड जेमतेम सव्वापाच फूट जागा सारतं. साफ केलेल्या पट्ट्याच्या कडेला माझंच चाक चालत गेलं आणि मागे एक लांबलचक चाकोरी राहिली. पहिल्याच सरीत ती काठोकाठ भरली. पुढच्या वर्षी सात फुटी घेतलं. तितकंच तिरपं करूनही ते सहा फूट सारतं.

ब्लेड कोणतं, हे ठरवताना दोन नावांत गोंधळ होतो. साधा लेव्हलर सरळच राहतो, माती पुढे ढकलतो. पांदणीला तिरपं आणि उलटंही फिरवता येणारं टेरेसर ब्लेड हवं. किंमत थोडी जास्त पडते, पण नाली काढायला, धुऱ्याची, म्हणजे बांधाची माती ओढायला तेच कामी येतं. घेताना ब्लेड ट्रॅक्टरला जोडणाऱ्या खालच्या पिना बघा; त्यांच्या मापाला कॅटेगरी म्हणतात. कॅटेगरी एकच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या असतात, कॅटेगरी दोनच्या २८ च्या. जुळत नसतील तर फट भरणारं बुश घाला. ढिल्या पिनेवर ब्लेड डोलतं आणि रस्ता लाटालाटांचा होतो. ब्लेड चालवताना ड्राफ्ट कंट्रोलच्या, म्हणजे ओढ वाढली की अवजार आपोआप उचलणाऱ्या सोयीच्या नादी लागू नका. पोझिशनच्या दांड्याने उंची धरून ठेवा, नाहीतर माती कडक लागली की ब्लेड आपोआप उचललं जातं.

रोटाव्हेटर मात्र पांदणीवर अजिबात नको. ‘एकदा फिरवून घे ना, मऊ होते’ असं गावात कुणीतरी म्हणतंच. मऊ होते हे खरं, पण पिठासारखी झालेली ती माती पहिल्या पावसात राबडी होते. त्यापेक्षा कल्टिव्हेटर बरा, दोन-तीन इंचच आणि तोही अवकाळी पावसाची एखादी सर पडून वापसा आल्यावर. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला, तर जोडा कल्टिव्हेटर. गोळा बोटाला चिकटून राहिला, तर घरी जा.

पुढचा लोडर हवाच असं नाही. मुरूम हलवायचा, गोठ्यातलं शेण काढायचं असेल तर उपयोगी. पण लोडर लावलात तर मागे वजन बांधा किंवा मागच्या टायरमध्ये पाणी भरा, कारण भरलेली बादली उचलली की मागची चाकं हलकी होतात. बादली जमिनीजवळ ठेवूनच चालवा. आणि कोणतंही अवजार उचललेलं असताना त्याच्याखाली कुणी जायचं नाही. ट्रॅक्टर बंद करण्याआधी ब्लेड जमिनीवर टेकवा.

सारून झालं की रस्त्याला पाठ द्या, म्हणजे मधोमध उंचवटा. दहा फुटी रस्त्याला मध्यभागी अडीच इंच पुरतात. दोन्ही बाजूंना चर हवेत, पण शेजाऱ्याच्या धुऱ्यावर माती टाकू नका. आमच्याकडे त्या ओंजळभर मातीवरून दोन घरं वर्षभर बोलत नव्हती.

मुरूम आधी मोजा. सातशे फूट लांब, आठ फूट रुंद, सहा इंच थर म्हणजे २८०० घनफूट, म्हणजे २८ ब्रास. दबल्यावर तो कमी होतो, म्हणून जास्तीचा धरा. मुरूम आणायला गौण खनिजाची परवानगी तहसिलीतून आधी घ्या, कारण ट्रॉली अडवली गेली की दिवस जातो.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती येईपर्यंत ब्लेड विकत घेऊ नका. एका वर्षाच्या कामासाठी मी तर भाड्यानेच आणीन, फक्त चालवणाऱ्याला तिरपं लावता येतं का, ते आधी विचारीन. ‘हो हो, येतं’ म्हणाला तर त्याला धुऱ्याशी दहा फूट चालवून दाखवायला सांगा.

मृगाची पहिली सर आली की छत्री आणि फावडं घेऊन पांदणीवर जा. पाणी चाकोरीतून धावतंय की चरात उतरतंय, ते दहा मिनिटांत कळतं. जिथे थबकतंय, तिथे तेव्हाच वाट करून द्या.