पिउपिउ कसा करतात: माओरी घागऱ्याची पात, वाख आणि काळा रंग

हाका हा समूहनाच करणाऱ्या माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी मंडळींच्या कमरेला सळसळतो तो पिउपिउ. तो न्यूझीलंडच्या हाराकेकेच्या पातीचा असतो. गोऱ्या दर्यावर्दींनी या झाडाला जवसाचे नाव दिले, पण जवसाशी त्याचे काही नाते नाही. कामापुरती आपली घायपात आठवावी.

झाडाच्या झुबक्यातला मधला पोंगा म्हणजे माओरी भाषेत रितो, मूल. त्याच्या दोन्ही अंगांची पाने त्याचे आईबाप. या तिघांना हात लावायचा नाही, पोंगा गेला की तो फुटवाच संपतो. बाहेरची, पूर्वजांची पाने घ्यावीत. सुरी पोंग्यापासून बाहेर, खाली तिरकी चालवावी. उलटा काप दिला तर पावसाचे पाणी गाभ्यात मुरते आणि गड्डा कुजतो. पावसात किंवा रात्री पात कापत नाहीत. आधी कराकिया, म्हणजे प्रार्थना. उरलेली कात्रणे त्याच झाडाच्या बुडाशी जातात.

शीर आणि कडा काढून साधारण १ सेंटिमीटरच्या पट्ट्या फाडाव्यात. सगळ्यांवर एकाच फळीच्या मापाने खुणा कराव्यात, नाहीतर नक्षीचे काळे पट्टे एका रेषेत येत नाहीत. खुणेवर चीर अगदी वरवर द्यावी. हात जड पडला की आतला वाख तुटतो आणि नाचताना पट्टी तिथेच मोडते. दोन चिरांमधले हिरवे शिंपल्याच्या कडेने खरवडले की फिकट, रेशमी वाख उरतो. माओरीत यालाच मुका म्हणतात. (शिंपला कोकणातल्या शिनाण्याच्या जातीचा.) वरचे टोक मात्र पूर्ण खरवडतात, उघड्या नडगीवर सुंभासारखे वळतात आणि कमरपट्ट्यात गुंफतात.

पट्ट्या थोडाच वेळ उकळून टांगाव्यात. न खरवडलेला भाग वाळताना गुंडाळून नळी होतो. सळसळ या नळ्यांचीच.

रंगासाठी मानुका या तिथल्या झुडपासारख्यांच्या सालीच्या तुरट काढ्यात रात्रभर भिजवून पट्ट्या पारू, म्हणजे लोहयुक्त चिखलात घोळवतात. हिरड्यात हिराकस पडून काळी शाई होते, तीच ही क्रिया. पातीच्या न खरवडलेल्या मेणचट सालीला रंग लागत नाही, ती वाळून पिवळी होते. काळा होतो फक्त वाख. पट्ट्या चिखलात विसरल्या तर लोह वाखाला खाते आणि पुढे तो भुगा होऊन गळतो. म्हणून रंग चढताच वाहत्या पाण्यात निवळ येईपर्यंत धुवावे.

तयार पिउपिउ घडी करून ठेवू नये, नळ्या चेपतात. ओल लागू न देता कमरपट्ट्याने टांगावा.